गावच्या चषकाला अनुदान मिळतं का?

आजचा विषय तुमच्यापैकीच बऱ्याच जणांनी सुचवलेला आहे. प्रश्न साधारण असा असतो: "आमच्या मंडळाला गावात कबड्डीची स्पर्धा भरवायची आहे. दरवेळी वर्गणीवर भागत नाही. सरकारचं अनुदान मिळतं का? आणि जवळच्या एमआयडीसीतल्या कंपन्या सीएसआर देतात म्हणे, ते आपल्याला मिळेल का?"

आधी छोटं उत्तर देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना बस पकडायची आहे त्यांनी निघावं. स्पर्धेला बहुतेक वेळा नाही. मैदानाला बऱ्याचदा हो. आता हे असं का, आणि यातून गावातल्या एखाद्या मंडळाने काय काढून घ्यायचं, ते सविस्तर बोलू.

स्पर्धेचा खर्च एकदा वहीत मांडून बघा. मंडप, लाइट, जनरेटरचं डिझेल, साउंड, फक्की, पंचांचं मानधन आणि त्यांची राहण्याची सोय, बाहेरून आलेल्या संघांचं जेवण, चषक, रोख बक्षिसं, फ्लेक्स, आणि आता नव्याने आलेलं यूट्यूब लाइव्ह. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि तेव्हापासून गावातल्या स्पर्धेकडूनही लोकांच्या अपेक्षा बदलल्या. पूर्वी मातीवर पाणी मारून, रेघा आखून, दोन हॅलोजन लावले की सामना सुरू व्हायचा. आता मॅट नसेल तर चांगले संघ येतील का, इथून चर्चा सुरू होते.

आता या यादीकडे वेगळ्या नजरेने पाहा. यातला जवळपास सगळा खर्च रविवारी रात्री अंतिम सामना संपला की संपतो. सोमवारी सकाळी मैदानावर काय उरतं? खड्डे, फाटका फ्लेक्स आणि पत्रावळ्या. हा झाला विरून जाणारा खर्च. दुसऱ्या बाजूला मैदान सपाट करणं, कुंपण, कायमचे दिव्यांचे खांब, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, मॅट. हा मागे राहणारा खर्च. सार्वजनिक पैसा देणारे जवळपास सगळे, सरकार असो की सीएसआर, दुसऱ्या प्रकारच्या खर्चासाठी बसलेले असतात. आणि आपण अर्ज करतो पहिल्या खर्चासाठी. फाइल अडते ती इथे.

सरकारकडे आधी बघू. खेळ हा विषय राज्यघटनेत राज्यसूचीत आहे, ३३ व्या नोंदीत. म्हणजे मूळ जबाबदारी राज्य सरकारची. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली, त्यात २९ विषय आहेत. पाणी, रस्ते, चारा, ग्रंथालयं, सांस्कृतिक कार्यक्रम, अगदी बाजार आणि जत्राही आहेत. खेळ हा शब्द नाही! शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत मात्र बागा आणि क्रीडांगणं स्पष्ट लिहिलेली आहेत. याचा अर्थ ग्रामपंचायतीला मैदान करता येत नाही असा अजिबात नाही. पण ग्रामसेवक जेव्हा म्हणतात की "खेळासाठी आमच्याकडे वेगळं हेड नाही", तेव्हा ते दरवेळी टाळतच असतात असं समजू नका. रस्त्याला आणि नळपाणी योजनेला जसा हक्काचा रकाना असतो, तसा खेळाला नसतो. तो मागून घ्यावा लागतो.

केंद्राने एकदा गावपातळीवर थेट प्रयत्न केला होता. २००८-०९ मध्ये पायका नावाची योजना आली, पंचायत युवा क्रीडा और खेल अभियान. दहा वर्षांत देशातल्या साधारण अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचायचं, गावात मैदान करायचं आणि दरवर्षी तालुक्यापासून वरपर्यंत स्पर्धा घ्यायच्या, अशी कल्पना. एका ग्रामपंचायतीला मैदानासाठी एकदाच १ लाख रुपये, साहित्यासाठी वर्षाला १० हजार आणि चालवण्यासाठी वर्षाला १२ हजार. बारा हजार म्हणजे महिन्याला हजार रुपये. त्यात मैदानाची देखभाल आणि "क्रीडाश्री" नावाच्या स्वयंसेवकाचं मानधन, दोन्ही भागवायचं. कल्पना चांगली होती, असं माझं मत आहे. कारण मैदान आणि स्पर्धा यांना एकाच योजनेत बांधलं होतं. पण हजार रुपयांत महिनाभर मैदान कोण सांभाळणार? २०१४ मध्ये पायकाच्या जागी राजीव गांधी खेल अभियान आलं, त्यात भर गावाऐवजी तालुक्याच्या संकुलावर गेला. नंतर खेलो इंडिया आलं.

खेलो इंडियामध्ये आपल्या कामाचा एक भाग आहे, तो लक्षात ठेवा: खेलो इंडिया केंद्र. छोट्या केंद्राला सुरुवातीला एकदाच ५ लाख आणि मग वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मदत. त्या वार्षिक पैशांतून माजी खेळाडूला प्रशिक्षक म्हणून मानधन, साहित्य, किट आणि मुलांना स्पर्धांना नेण्याचा खर्च भागवता येतो. म्हणजे इथेही आपली स्पर्धा भरवायला पैसे नाहीत, पण दुसऱ्याच्या स्पर्धेला आपली मुलं पाठवायला आहेत. प्रस्ताव राज्य सरकारमार्फत जातो. सुरुवात जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात.

त्याच कार्यालयात राज्याच्या दोन जुन्या योजनाही मिळतात, क्रीडांगण विकास अनुदान आणि व्यायामशाळा विकास अनुदान. रकमा आणि अटी शासन निर्णयागणिक बदलतात, म्हणून मी आकडा सांगत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी पीडीएफ घेऊन जाऊ नका, चालू शासन निर्णय मागा. पण कशासाठी मिळतं ते ऐका: मैदान सपाट करणं, धावण्याचा ट्रॅक, कुंपण, खेळांची मैदानं आखणं, पिण्याचं पाणी, प्रसाधनगृह, चेंजिंग रूम, साहित्य. ग्रामपंचायतीला आणि शाळांना अर्ज करता येतो. पैसा येतो जिल्हा वार्षिक योजनेतून, म्हणजे जिल्हा नियोजन समितीकडून, जिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. त्यामुळे यात राजकारण नाही असं म्हणणं भाबडेपणा होईल. तरीही यादीत नाव येण्यासाठी आधी अर्ज असावा लागतो, आणि बऱ्याच गावांचा अर्जच नसतो.

राज्य सरकार स्पर्धांना पैसे देतच नाही का? देतं की. छत्रपती शिवाजी महाराज चषक कबड्डी, भाई नेरूरकर चषक खो-खो, खाशाबा जाधव चषक कुस्ती या सरकारी निधीवरच्या राज्यस्तरीय स्पर्धा आहेत आणि त्या वेगवेगळ्या जिल्ह्यांत फिरतात. पण त्या सरकारच्या आणि राज्य संघटनांच्या स्पर्धा. तुमच्या मंडळाचा चषक त्यात बसत नाही.

खासदार निधीचंही तेच. खासदाराला वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात, पण ती टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेची हवीत. काम जिल्हा प्रशासन करून घेतं. बक्षिसाची रक्कम, मंडप, जेवण यातलं काहीच त्यात येत नाही. मग खासदार, आमदार स्पर्धेला "देणगी" देतात ती कुठून? ती त्यांच्या खिशातून किंवा समर्थकांच्या खिशातून. म्हणून त्याबरोबर फ्लेक्सवर मोठा फोटो येतो. निधीतून झालेलं मैदान हा तुमचा हक्क असतो, खिशातून आलेलं बक्षीस हे उपकार असतं. दोन्हीसाठी एकाच माणसाकडे गेलो तरी मागण्याची भाषा वेगळी हवी.

आता सीएसआर. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबू.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. कशावर, ते सातव्या अनुसूचीत दिलंय, आणि त्यात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळ आहेत. एवढं वाचून आपण खूश होतो. पण तिथला नेमका शब्द आहे "प्रशिक्षण". खेळांना चालना देण्यासाठीचं प्रशिक्षण. स्पर्धा हा शब्द नाही.

आणि पुढे आणखी आहे. जून २०१४ मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने एक परिपत्रक काढलं. त्यात साफ म्हटलंय की मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे, जाहिराती, टीव्ही कार्यक्रमांचं प्रायोजकत्व असे एकवेळचे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरले जाणार नाहीत. जानेवारी २०२१ च्या नियमांनी त्यात भर घातली: मार्केटिंगचा फायदा मिळवण्यासाठी केलेलं प्रायोजकत्व सीएसआरमधून बाहेर. आता आपला नेहमीचा अर्ज आठवा. "आमच्या भव्य कबड्डी स्पर्धेस सहकार्य करावे, आपल्या कंपनीचा बॅनर मैदानावर ठळकपणे लावण्यात येईल." दोन वाक्यांत आपणच दोन कारणं लिहून देतो नकाराची! एकवेळचा कार्यक्रम, आणि वर जाहिरात.

म्हणजे कंपनीकडे जायचंच नाही का? जायचं, पण कंपनीचे दोन खिसे असतात हे ओळखून. बॅनरचे पैसे मार्केटिंगच्या खिशातून येतात. त्यासाठी कारखान्याच्या सीएसआर विभागात जाण्यात अर्थ नाही. ट्रॅक्टरचा तालुक्यातला डीलर, खतांचं दुकान, मोबाइल शोरूम, अकॅडमी, हॉस्पिटल, ज्यांना त्या तीन रात्री मैदानावर जमणारी माणसं गिऱ्हाईक म्हणून हवी आहेत, त्यांच्याकडे जा. तिथे बॅनर हीच तुमची वस्तू आहे, ती उघडपणे विका. आणि सीएसआरच्या खिशाकडे जाताना बॅनर विसरा, वर्षभराचं प्रशिक्षण घेऊन जा: किती मुलं-मुली, कोणत्या वयाची, आठवड्यात किती दिवस सराव, प्रशिक्षक कोण, मॅट कुठे ठेवणार, नंतर कोण सांभाळणार. आणि हे खरंच करणार असाल तरच जा. स्पर्धेवर "प्रशिक्षण" असं लेबल चिकटवून पैसे घेतले, तर वर्षअखेरीला कंपनी हिशोब आणि फोटो मागते तेव्हा अडचण होते, आणि पुढच्या गावालाही दार बंद होतं.

एक कागदी अडथळाही आहे. सीएसआरचं काम बाहेरच्या संस्थेला देताना ती संस्था नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ ची कंपनी लागते, तिच्याकडे आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, सीएसआर-१ फॉर्म भरून घेतलेला क्रमांक लागतो, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. गेल्या गणपतीत स्थापन झालेल्या मंडळाकडे हे नसणार. मग तालुक्यातली एखादी जुनी शिक्षणसंस्था किंवा क्रीडामंडळ शोधा, ज्यांच्याकडे हे कागद आहेत, आणि त्यांच्या नावाने, पण लेखी करार करून काम करा. "लेखी" या शब्दावर मी मुद्दाम जोर देतोय. मॅट कोणाच्या नावावर आहे यावरून पुढे भांडणं होतात. कायद्यात कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही म्हटलंय, तेव्हा अर्जात गाव कारखान्यापासून किती किलोमीटरवर आहे हे जरूर लिहा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. मुलींची कबड्डी.

महिलांच्या कबड्डीचं मैदान १२ बाय ८ मीटर असतं, पुरुषांचं १३ बाय १०. म्हणजे पुरुषांसाठी केलेल्या जागेत महिलांचा सामना आरामात होतो. खेळाडू आहेत, शाळांमध्ये संघ आहेत. तरी गावच्या चषकात महिला गट का नसतो असं आयोजकांना विचारलं की उत्तर येतं, "बजेट नाही." आणि हे उत्तर मला अर्धंच खरं वाटतं. मुलींचा संघ तीस किलोमीटरवरून टेम्पोने येतो. कपडे कुठे बदलायचे? स्वच्छतागृह कुठे आहे? सामना रात्री साडेअकराला लागला तर परत कसं जायचं? या तीन प्रश्नांची उत्तरं नसली की पालक पाठवत नाहीत, शिक्षिका जबाबदारी घेत नाहीत, आणि गट रद्द होतो. यातला तिसरा प्रश्न वेळापत्रकाचा आहे. मुलींचे सामने दुपारी घ्या, त्याला एक रुपया लागत नाही. पहिले दोन प्रश्न बांधकामाचे आहेत, आणि वर सांगितलेल्या क्रीडांगण विकासाच्या यादीत प्रसाधनगृह आणि चेंजिंग रूम दोन्ही आहेत! म्हणजे मुलींना मैदानावर यायला जे लागतं, नेमकं त्याच्यासाठी सार्वजनिक पैसा उपलब्ध आहे. आणि आपण वर्षानुवर्षं अर्ज लिहितो पहिल्या बक्षिसाच्या ५१ हजारांसाठी.

बाहेर हे कसं करतात, याचं एक उदाहरण. कॅनडात १९६७ पासून कॅनडा गेम्स होतात, दर दोन वर्षांनी, एकदा हिवाळी, एकदा उन्हाळी. यजमानपद मुद्दाम लहान शहरांकडेही फिरवतात. केंद्र, प्रांत आणि ते शहर मिळून खर्च उचलतात. २००७ चे हिवाळी खेळ व्हाइटहॉर्सला झाले, उत्तरेकडच्या युकॉन प्रदेशात, जेमतेम वीस-पंचवीस हजार वस्तीचं गाव. खेळांसाठी बांधलेलं क्रीडासंकुल तिथले लोक आजही वापरतात, आणि खेळाडूंच्या निवासासाठी बांधलेल्या इमारती नंतर राहत्या घरांसाठी वापरात आल्या. आपल्या गावाची तुलना कॅनडाशी करू नका, पैशांचा हिशोबच वेगळा आहे. पण स्पर्धा भरवण्याआधी "संपल्यावर इथे काय उरणार?" हा प्रश्न तिथे अर्जातच असतो. आपण तो चार ओळींत आपल्या अर्जात लिहू शकतो.

आणि वर्गणीला कमी लेखू नका. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते गेले कसे, तर लोकांच्या पैशांवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, ही गोष्ट आजही सांगितली जाते. आणि परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवून त्या पैशांची परतफेड केली असं सांगतात. जत्रेतली कुस्ती तर आजही अशीच चालते, गावकी वर्गणी काढते, कुस्त्या जोडल्या जातात, लहान पोरांची कुस्ती नारळावर आणि शेवटची मोठ्या इनामावर. विरून जाणाऱ्या खर्चासाठी वर्गणी हा प्रामाणिक मार्ग आहे, कारण ज्यांनी बघायचं त्यांनीच दिलं. फक्त हिशोब मंदिराच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. पुढच्या वर्षी वर्गणी मागायला गेल्यावर फरक कळेल.

हे सगळं ऐकून कामाला लागणार असाल तर सगळ्यात आधी तलाठ्याकडे जा. मैदानाचा सातबारा काढा. मैदान ग्रामपंचायतीच्या नावावर आहे, शाळेच्या, गायरान आहे, की कोणाच्या खासगी जमिनीवर आपण वर्षानुवर्षं खेळतोय? जागेची मालकी किंवा लेखी ताबा नसेल तर अनुदानाची कोणतीही फाइल पुढे सरकत नाही, आणि हे बऱ्याच गावांत अर्ज भरायच्या दिवशी कळतं. गायरान असेल तर प्रक्रिया लांबते, वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी लागते, तेव्हा घाई करून चालत नाही.

मग ग्रामसभा. मैदानाचा ठराव ग्रामसभेत मांडा आणि गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात घ्यायला लावा. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत हातात घ्या. मुलींनाही ग्रामसभेला घेऊन जा. अठरा पूर्ण झालेल्या आणि गावच्या मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येक मुलीला तिथे बोलायचा हक्क आहे, आणि चेंजिंग रूमची मागणी तिने मांडलेली बरी.

वेळेचंही बघा. स्पर्धा आपण डिसेंबर-जानेवारीत घेतो आणि अर्ज घेऊन नोव्हेंबरात फिरतो. तोपर्यंत त्या वर्षाच्या निधीचं वाटप बरंचसं ठरलेलं असतं. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नवीन मंजुऱ्या थांबतात. म्हणून मैदानाचा अर्ज एप्रिल-मे मध्ये द्या, पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या हंगामाचा विचार करून. पैसे मिळाले तर प्रत्येक बिल जपून ठेवा, कारण काम झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते दिलं नाही तर पुढचा हप्ता अडतो, आणि पुढच्या वेळी तुमची फाइल तळाला जाते.

तुमच्या गावात क्रीडांगण विकासातून मैदान झालं असेल, किंवा अर्ज नाकारला गेला असेल, तर व्हॉइस मेसेज पाठवा. नाकारताना कार्यालयाने लेखी कारण काय दिलं ते नक्की सांगा. तशी कारणं दहा-बारा जमली तर त्यावर एक वेगळा भाग करू.